बर्फ खातं

धरणगावात मे महिन्यात बर्फ पाडायचं काम
माझ्याकडे आलं,
कारण जिनिंगच्या काट्यावर मी बसतो.
हिलालदादा म्हणाला, कॅमेरा माझा, रुई तुझी,
राहता राहिली जर्मनी,
ती मिळाली चोपडा रोडला, कृषी केंद्राच्या वर,
तिसरा मजला, भाडं दिवसाला सातशे.

सिनेमाचं नाव ‘फ्रीजमा कोन शे’.
चार देशांची चार पोरं, एक फ्लॅट,
आणि कोण कुणाचं अंडं खातं, एवढीच गोष्ट.
पोलंडचा झाला पतपेढीतला योगराज,
निव्वळ घाऱ्या डोळ्यांच्या जोरावर.
ब्राझीलचा शहाद्याचा मुकेश पावरा, तो खरोखरच गोली आहे.
आपला खान्देशी विद्यार्थी म्हणजे हिलालदादा स्वतः,
वय बेचाळीस, मिशी काढून.
घरमालकीण पार्लरवाल्या कोकिळाबाई.
जर्मन बोलायची वेळ आली
की त्या अहिराणीच बोलायच्या, फक्त रागानं.
नंतर डब करू, म्हणायचा दादा.

चौथा बाराका.
सगळ्या युनिटमध्ये तो एकटाच
खरोखर कुठून तरी आलेला.
टांझानियाचा, जळगावला एम.एस्सी. करणारा,
पाचशे रुपये रोज आणि दुपारी शेवभाजी.

चव्वेचाळीस अंश. आवाज येतो म्हणून पंखा बंद.
स्वेटरांना डांबरगोळ्यांचा वास.
मी खिडकीबाहेर, छज्जावर, एका हातानं गज धरून
सुपातून बर्फ पाखडतोय,
खाली रिक्षावाले मान वर करून विचारतायत,
‘भाऊ, आठे काय गादी फाटनी का?’

दुधाचा सीन.
जो तो पिशवीवर आपलं नाव लिहितो,
आणि बाराकाला कळतच नाही
की यात हसायचं कुठे.
त्याच्या हिंदीत तो म्हणाला:
आमच्या खोलीवर आम्ही तिघं,
एक नेपाळचा, एक सुदानचा, एक मी.
दूध कोणी लपवत नाही.
घरी फोन लावून रडायचं असतं, ते लपवतो.
त्यासाठी गच्ची वाटून घेतलीय,
सोमवार-गुरुवार माझे.
रविवार कोणाचाच नाही,
म्हणून रविवारी गर्दी होते.

हिलालदादा बराच वेळ
क्लॅपच्या पाटीनं वारा घेत बसला.
मग म्हणाला, दूधच ठेवू.

तेवढ्यात त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल.
सोमवार नव्हता, गच्ची नव्हती,
मागे खिडकी, आणि खिडकीत मी,
सूप अर्धं हललेलं, त्यामुळे
थोडा बर्फ पडलाच.
पलीकडे केवढी तरी आरडाओरड.
काय म्हणतेय, विचारलं, तर म्हणाला,
तू तर सांगत होतास तिकडं ऊन असतं,
टोपी कुठाय तुझी?

खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं.
मग माझ्याकडे पाहिलं
आणि बोटानं खूण केली, अजून थोडा टाक.

मी टाकला.
कपाळावरून घाम निथळतोय,
आणि आईसमोर हा कुडकुडतोय, दात वाजवतोय,
चार दिवसांत जमला नव्हता तसा अभिनय.
कोकिळाबाईंनी फोन ओढूनच घेतला,
‘माय, काळजी नको करू,
तुन्हा पोऱ्या पोटभर जेवस.’
पलीकडून पाच मिनिटं तिच्या भाषेत काहीतरी आलं.
बाई मान हलवत राहिल्या.
काय कळलं, विचारलं,
तर म्हणाल्या, समदं.

पॅकअपनंतर रुई गोळा केली.
पंख्याच्या पात्यावरून, शेवभाजीच्या तर्रीवरून,
योगराजच्या कॉलरमधून.
बाराकाच्या केसातली काही केल्या निघेना,
म्हणाला, राहू दे.

काट्यावर टाकली.
नेताना अकरा किलो, येताना दहा किलो सातशे चाळीस.
रजिस्टरात घट लिहावी लागते, आणि शेजारी कारण.
उंदीर लिहितात, ओल लिहितात, वारा लिहितात.
मी पेन झटकलं
आणि लिहिलं: वितळला.

मुकादमानं न वाचताच सही केली.